अंगठा गणपतीनंतर

पेणमध्ये खोली भाड्यानं घ्यायची असेल तर खोली बघायच्या आधी मालकाचे हात बघा, असं मी नव्या पोरापोरींना सांगतो. ती हसतात. त्यांना वाटतं हा माणूस हस्तरेषा बघतो. रेषाच बघतो मी, पण भविष्य सांगायला नाही. शिल्लक आहेत का, एवढंच बघतो.

माझं काम भाडेकरार करून देण्याचं. एका वकीलसाहेबांच्या ऑफिसात मी आहे, पण ऑफिसात कमी आणि लोकांच्या ओटीवर जास्त. पाठीवरच्या बॅगेत लॅपटॉप, कॅमेरा, इंटरनेटचं डबडं आणि अंगठा घ्यायचं मशीन. हे मशीन काडेपेटीपेक्षा थोडं मोठं असतं. काचेवर बोट ठेवलं की आत लाल उजेड पडतो, आणि ठसा आधारशी जुळला की पडद्यावर हिरवी खूण येते. मालकाचा अंगठा, भाडेकरूचा अंगठा, दोन साक्षीदारांचे अंगठे, चौघांचे फोटो. झाला करार, सरकारदरबारी नोंद घरबसल्या. त्यामुळे पेणमध्ये मला नावानं कमी लोक ओळखतात. ‘अंगठेवाला आला’ म्हणतात. आईला फोनवर हे कौतुकानं सांगितलं तर ती म्हणाली, “शाळा सोडली तवाच म्हणलं होतं मी, अंगठेबहाद्दर होशील म्हणून.”

शाळा माझी आठवीत सुटली. गाव हिंगोली जिल्ह्यात. आमच्या गावात सातवीपर्यंतच वर्ग होते, म्हणून तालुक्याला तिघा पोरांत मिळून एक खोली घेतली होती. दिवाळीनंतर मालक म्हणाला, “पोरीचं लगीन हाय, पाव्हण्यांना खोली लागती. आठ दिवस गावाकडं जाऊन या.” आम्ही गेलो. आठ दिवसांनी आलो तर खोलीत पाव्हण्यांच्या गाद्याउश्या अन् आमच्या पेट्या बाहेर पत्र्याखाली. बाकीच्या दोघांचे मामा-काका तालुक्यात होते, त्यांची सोय लागली. माझं कोणी नव्हतं. मालकाला मी वाईट म्हणत नाही. त्याच्या घरी लग्न होतं, ही काही खोटी गोष्ट नव्हती. पण मी गेलो तो गेलोच. मग कापूस वेचला, विटा उचलल्या, आणि गावच्या एका ओळखीच्या माणसाच्या मागं कंपनीत कंत्राटी कामाला म्हणून रोह्याला आलो. तिथून पेणच्या ह्या ऑफिसात कसा आलो ते सांगत बसलो तर अंक भरेल, लेख होणार नाही.

मूळचा मी घाबरट. करार तीन वेळा वाचतो, बोट ठेवून. मशीन चार्ज आहे का ते रोह्याला घरी बघतो, गाडीत बघतो, पेणला उतरल्यावर पुन्हा बघतो. माझ्या हातून एखाद्याच्या नावात चूक झाली तर त्याला पोलीस पकडून नेतील अशी भीती मला पहिली दोन वर्षं वाटायची. आता वाटत नाही, म्हणजे कमी वाटते.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. एका मालकानं अट घातली, ‘भाडेकरूने खोलीत सुकट भाजू नये.’ अट लिहून घेताना त्याच्याच गच्चीवरून बोंबील वाळत टाकल्याचा वास माझ्या नाकात शिरत होता. मी वर बघितलं. तो म्हणाला, “तो आमचा हाय. त्याचा वास नाय येत.” दुसरा एक इंजिनिअरिंगचा पोरगा. खोलीतल्या वस्तूंची यादी करताना मी लिहिलं, पंखा एक, ट्यूब एक, बादली एक. तो म्हणाला, “पाल एक.” म्हटलं, पाल कशाला? म्हणे, “उद्या मालक म्हणतील, पाल तू आणलीस.” त्याचं बोलणं अगदीच खोटं नव्हतं. यादी असते ती त्यासाठीच. आत जाताना काय होतं आणि बाहेर पडताना काय आहे, ह्याच्यात भांडण होऊ नये म्हणून. पाल मात्र आम्ही लिहिली नाही. मालक तिच्यावर दावा सांगेना.

पोरांना मी जे सांगतो ते सोपं आहे. भाडं दिलं की खोली तुमच्या ताब्यात. मालकाला यायचं असेल तर आधी सांगून, दार वाजवून यायचं. भांडण झालं म्हणून लाईट-पाणी तोडता येत नाही. पण तुम्हीही भिंतीत खिळे ठोकत सुटायचं नाही, लाईटबिल वेळेवर भरायचं, आणि स्वतःच्या नावावर खोली घेऊन चार मित्र घुसवायचे नाहीत. कागद म्हणजे अविश्वास नव्हे. दोन माणसांना उद्या आठवणार नाही ते आज लिहून ठेवणं, इतकंच. हे मी इतक्यांदा बोललोय की गाडीत झोपेतही बोलतो, असं शेजारी बसणारे सांगतात.

आता हातांचं. पेण म्हणजे गणपती, हे तुम्हाला ठाऊकच आहे. दिवाळी झाली की पुढच्या गणपतीचं काम सुरू. साच्यातून मूर्ती काढायची, सांधे बुजवायचे, पॉलिशपेपरनं घासून गुळगुळीत करायची. मूर्ती गुळगुळीत होते आणि घासणाऱ्याची बोटंही. चैत्र-वैशाखापर्यंत मूर्तिकाराच्या अंगठ्यावर रेषा म्हणून राहत नाही. माझ्या मशीनवर तो अंगठा ठेवला की लाल उजेड पडतो आणि पडद्यावर येतं, ‘पुन्हा प्रयत्न करा’. पुन्हा प्रयत्न, पुन्हा तेच. गणपती गेले, हातांना विश्रांती मिळाली, की महिन्या-दीड महिन्यात रेषा परत उगवतात.

म्हणून आमच्या धंद्यात एक रीत पडून गेली होती. मूर्तिकार मालक असला की म्हणायचं, “अंगठा गणपतीनंतर.” पोरगं जूनमध्ये राहायला यायचं, कागद नोव्हेंबरात व्हायचा. मधले महिने जिभेवर चालायचे. कुणाचं काही बिघडलं नाही. म्हणजे बिघडलं असेल, तर कुणी मला येऊन सांगितलं नाही.

सायलीनं येऊन सांगितलं.

सायली कोलाडच्या पुढं आत एका गावातली. वडलांची भात-वालाची शेती. पेणला नर्सिंगला होती. पहिल्या वर्षी ती गावाहून रोज जाऊन-येऊन करत होती. सकाळी दोन गाड्या, संध्याकाळी दोन. त्या येण्याजाण्यात तिचा शरीररचनेचा विषय राहिला. वडलांनी सांगितलं, एकदाच काय ती खोली घेऊन देतो. श्रावणातल्या फेरपरीक्षेत विषय सुटला तर पुढं शीक, नाही सुटला तर घरी ये, तुझ्या आत्यानं स्थळ बघून ठेवलंय. म्हणजे ती खोली म्हणजे तिचं पुढलं सगळं आयुष्य होतं, दहा बाय बाराचं.

खोली मीच दाखवली होती. मालक हरीकाका, मूर्तिकार. खाली कारखाना, मागच्या अंगाला पायऱ्या चढून ही एक खोली. काका स्वभावानं मोठा गोड. मशीनवर अंगठा ठेवून म्हणाले, “बघ रे, हाय काय काय तिथं?” काहीच नव्हतं. काकींनी लिंबू आणलं, चोळलं. खोबरेल लावलं, पुसलं. गरम पाण्यात बुडवला. अंगठा लालबुंद झाला, रेषा काही येईना. काका म्हणाले, “जाऊ दे. मी काय पळून चाललोय? अंगठा गणपतीनंतर.” मीही मान डोलावली. सायलीच्या वडलांना म्हटलं, “देवमाणूस आहेत, काळजी करू नका.” त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच कागद होतो.

आषाढात पाऊस असा लागला की कारखान्यावरचं ताडपत्रीचं छप्पर एका कडेनं फाटलं. रंगवलेल्या मूर्ती ओल खायला लागल्या. एक दुपार मी पेणच्याच वाशी नाक्याजवळ एका ओटीवर फोटो काढत होतो, तेव्हा सायलीचा फोन आला.

“दादा, माझ्या खोलीत गणपती बसलेत.”

मला वाटलं पोरीला ताप आलाय. म्हटलं, “किती?”

“एकोणीस. कॉटवर आठ, टेबलावर चार, बाकी खाली. आणि एक माझ्या वहीवर.”

“दार कुणी उघडलं?”

“काकांनी. दुसरी चावी होती त्यांच्याकडं. मी कॉलेजला गेले होते.”

“काका काय म्हणाले?”

“म्हणाले, आठ दिवस गो. देव हायत, कोणी परके हायत काय.”

आठ दिवस. तालुक्याच्या मालकाचेच शब्द. पण खरं सांगतो, मी काय बोललो? मी म्हटलं, “आठच दिवस ना? कर थोडं ॲडजस्ट.” घाबरट माणसाच्या तोंडातून पहिलं वाक्य हेच निघतं. मग ती म्हणाली, “दादा, तुम्ही करार करणारे, का समजूत काढणारे?”

दोन दिवस तिनं केलं ॲडजस्ट. पंख्याचं तोंड मूर्तींकडं, कारण ओल सुकायला हवी. कॉटवर देव, त्यामुळे ही खाली. पाय कुणीकडं करायचे हा प्रश्न, कारण चारी बाजूंनी गणपती. शेवटी गुडघे पोटाशी घेऊन झोपली. अंडं उकडायची सोय नाही. आणि तिसऱ्या दिवशी काकांनी आणखी सात मूर्ती वर आणल्या आणि म्हणाले, “असं कर ना गो, गणपतीपर्यंत घरीच जा. भाडं पण देऊ नको. मग ये आरामात.”

गणपतीपर्यंत म्हणजे परीक्षा होऊन गेलेली.

मी वकीलसाहेबांसमोर जाऊन उभा राहिलो. सगळं सांगितलं आणि शेवटी म्हटलं, “साहेब, कागद नाही. म्हणजे तिचा हक्कच नाही. माझी चूक.” साहेब चहा पीत होते. म्हणाले, “चूक तुझीच. पण हक्क नाही असं कोण म्हणालं?” मग त्यांनी जे सांगितलं ते इतकी वर्षं ह्या ऑफिसात राहून मला माहीत नव्हतं. करार लिहून नोंदवायची जबाबदारी कायद्यानं मालकावर आहे. त्यानं नोंदवला नाही आणि भांडण उभं राहिलं, तर भाडेकरू ज्या अटी सांगेल त्या खऱ्या धरायच्या, खोट्या आहेत असं मालक सिद्ध करेपर्यंत. म्हणजे कागद नसल्याचा घोर मला लागला होता, तो लागायला हवा होता काकांना.

“मग भांडायचं का, साहेब?”

“भांडायचं कशाला? सांगायचं. आणि दोघांनाही जमेल असं लिहून आणायचं. तुला काय अंगठे गोळा करायला ठेवलंय?”

खरं तर त्यासाठीच ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आणि सायली कारखान्यात गेलो. काका एका मूर्तीचे डोळे आखत होते. डोळ्यांची आखणी चालू असताना पेणमध्ये कोणी बोलत नाही. श्वासही जपून घेतात. मी घरून वाक्यं पाठ करून आलो होतो, ती घशात धरून उभा राहिलो. डावा डोळा झाला. मला वाटलं आता बोलावं. काकांनी ब्रश पुन्हा बुडवला. उजवा डोळा. मग भुवया. तोपर्यंत माझं पहिलं वाक्य मी विसरलो होतो.

“काय रे?” काका ब्रश पुसत म्हणाले.

“काका, ते वरचे गणपती.”

“सुकलं काय?”

“सुकले नाहीत. खोली पोरीची आहे काका.”

“खोली माझी हाय.”

“तुमचीच. पण भाड्यानं दिली आहे. तुम्ही न सांगता आत जायला नको होतं.”

काकांनी हातातला ब्रश खाली ठेवला. “म्हणजे माझ्याच खोलीत माझंच गणपती ठेवायला मी हिची परवानगी घेऊ?”

मी म्हटलं, “व्हय काका.” आणि साहेबांनी सांगितलेला कायदा एका दमात बोलून टाकला. दमात बोलायचं कारण, मधे थांबलो असतो तर परत सुरू झालो नसतो.

काका चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला फाटक्या ताडपत्रीखाली नेलं. एका मूर्तीच्या सोंडेवरचा रंग पापुद्र्यासारखा सुटला होता. “ही बघ. लोकांनी चैत्रात येऊन पसंत केल्यात एकेक. नावाच्या चिठ्ठ्या लावल्यात. आता त्यांना काय सांगू, तुमचा बाप्पा भिजला? वर्षाचं काम हाय हे. मी काय पोरीला बाहेर काढाय बसलोय?”

पुन्हा तेच. तालुक्याच्या मालकाच्या घरचं लग्नही खोटं नव्हतं, आणि काकांचा पाऊसही खोटा नव्हता.

तेवढ्यात आतून काकी आल्या, हाताला रंग लागलेला. त्या मूर्तींच्या दागिन्यांना सोनेरी लावायचं काम करायच्या. म्हणाल्या, “पोरीच्या वहीवर ठेवलास तू गणपती. वहीवर! आता परीक्षेला कोण बसणार, ही का तो?”

“ती विद्येची देवता हाय गो.”

“देवता हाय म्हणून काय हाडांची नावं तो लिहिणार?”

आता सायलीनं पिशवीतून एक कागद काढला. चौकोन आखलेला, खोलीचा नकाशा. म्हणाली, “काका, माझी कॉट आणि टेबल मला द्या. दारासमोरच्या भिंतीला फळी लावा. फळीवर पाच आणि फळीखाली चार, नऊ मूर्ती राहतील. मी कॉलेजला असते तेव्हा तुम्ही येऊन बघा, पण सकाळी मला सांगून. मी खोलीत असले तर दार वाजवा. परीक्षेचे सहा दिवस कुणी यायचं नाही. आणि पंखा रात्रभर चालेल तो तुमच्यासाठी, तेव्हा गणपतीपर्यंतचं लाईटबिल तुमचं.”

काका नकाशाकडे बघत राहिले. मूर्तिकाराला मापं कळतात. “फळीवर पाच नाय मावणार,” ते म्हणाले. “चार मावतील. दीड फुटी हायत.”

“मग खाली पाच.”

“खाली ओल येईल.”

“मग खाली पाट ठेवा.”

“आणि बाकीचं सतरा?”

“माझ्या माहेरच्या खोलीत ठेव,” काकी म्हणाल्या. माहेर दोन गल्ल्या पलीकडं. “माझा भाऊ विचारतो नुसता, भावोजी येत नाय म्हणून. आता जा, सतरा गणपती घेऊन जा.”

काका हसले. हसले म्हणजे संपलं. मी लगेच ओटीवर बसून लॅपटॉप उघडला, न जाणो मन बदललं तर. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःच्या अकलेनं कलम लिहिलं: ‘मालक हे सदर खोलीत गणेशमूर्ती नग नऊ गणेश चतुर्थीपर्यंत ठेवतील व भाडेकरू त्यांची काळजी घेईल, मात्र त्यांस हात लावणार नाही.’ पुढं सायलीनं तिच्या सगळ्या अटी सांगितल्या, त्या लिहिल्या. लिहून झालं आणि मग मला आठवलं.

“काका, अंगठा.”

आषाढ होता. अंगठा काचेसारखा गुळगुळीत. निबंधक कार्यालयात जाऊन करता येत होतं, पण हंगामात मूर्तिकाराला कारखान्यातून उठवणं म्हणजे झाड उपटून नेणं.

काकी म्हणाल्या, “अंगठाच कशाला पायजे? ह्याच्या डाव्या करंगळीला तर वर्षभर काय काम नसतं.”

मी काकांकडे बघितलं, काकांनी करंगळीकडे. तिच्यावर रंगाचा ठिपकासुद्धा नव्हता. आधारला दहाही बोटांचे ठसे घेतलेले असतात. मशीनला त्यातलं कुठलंही चालतं. मी अंगठेवाला म्हणून फिरत राहिलो, तेव्हा अंगठाच मागत राहिलो. काकांनी करंगळी ठेवली. लाल उजेड, मग हिरवी खूण. पहिल्या झटक्यात.

काकी हसून हसून ओटीवर बसल्या. मी पण हसलो. पण गाडीत बसल्यावर हिशेब लागला. इतक्या वर्षांत किती पोरापोरींना मी ‘गणपतीनंतर’ म्हणून जिभेवर सोडलं होतं, आणि त्यातली किती परत आली नाहीत. मी धरून चाललो होतो की त्यांना दुसरी चांगली खोली मिळाली. कुणाला विचारलं नाही. माझ्याबद्दलही त्या तालुक्याचा मालक असंच धरून चालला असेल.

पण निघायच्या आधी त्या ओटीवर अजून एक गोष्ट घडली होती. साक्षीदार दोन लागतात. एक शेजारचा दुकानदार मिळाला, दुसरा मी झालो. सगळ्यांचे पत्ते बरोबर आहेत का ते सायली मोठ्यानं वाचत होती. माझ्या नावाशी आली आणि थांबली.

“दादा, पत्ता हिंगोलीचा? तुम्ही राहता रोह्याला ना?”

“हो.”

“मग पत्ता बदलला नाही?”

“बदलायला भाडेकरार लागतो.”

“मग?”

“नाही केला.”

काका बोट पुसता पुसता थांबले. “कोणी नाय केला?”

“मी.”

“अंगठेवाल्याचाच करार नाय?” काकी म्हणाल्या. “दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच गो.”

सायली हसली नाही. म्हणाली, “दादा, मी पास झाले तर तुम्ही करार करायचा. बोला.”

चार माणसांसमोर नाही कसं म्हणणार? म्हटलं, “हो तू पास.” मनात म्हटलं, होईलही, नाही पण होणार. असं मनात आलं आणि दुसऱ्या क्षणी माझीच मला लाज वाटली.

त्याचं असं आहे. रोह्याला मी अकरा वर्षं एकाच खोलीत राहतो. मालकीण शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, एकट्याच राहतात. कुणी नव्हतं तेव्हा त्यांनी मला खोली दिली. बाकी मालक विचारायचे, कुठला, कोणाचा, किती दिवस कामावर, कंत्राट संपलं तर? बाईंनी फक्त विचारलं, “जेवलास का?” अशा माणसासमोर कागद घेऊन कसं जायचं? जगाला मी सांगत फिरतो की कागद म्हणजे अविश्वास नव्हे. आणि बाईंच्या दारात उभं राहिलं की मला तो अविश्वासच वाटायचा. शिवाय भीती. कागदाचा विषय काढला आणि त्यांच्या मनात आलं की हा जागा बळकावतोय, तर? मग म्हणतील, आठ दिवसांत बघ दुसरी. म्हणून दर वर्षी मी ठरवायचो, आणि दर वर्षी दिवाळी निघून जायची.

सायली अभ्यासाला लागली. काका सकाळी पायरीवरून हाक मारायचे, “येऊ काय गो दुपारी?” आणि ती हो म्हणाली तरच दुपारी जायचे. ती नऊ गणपतींना समोर बसवून हाडांची नावं म्हणून दाखवायची, अडली की पहिल्यापासून. काकी म्हणायच्या, खालून ऐकून ऐकून मलाच पाठ झाली, मीच बसते परीक्षेला. परीक्षेच्या सहा दिवसांत पाऊस पुन्हा लागला. काकांनी स्वतः बसून ताडपत्री शिवली, पण जिना चढले नाहीत.

निकाल लागला तो गणपती जाऊन पंधरवडा झाल्यावर. विषय सुटला होता. काका आता गल्लीभर सांगतात, “नऊ-नऊ जण बसवलेलं मी अभ्यासाला, सुटणार नाय तर काय!” सायलीचे वडील सुक्या वालाची पिशवी घेऊन आले, अर्धी काकांना, अर्धी मला. पुन्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण ह्या वेळी मी खाली बघितलं नाही. आणि सायलीचा फोन आला, तो पेढ्यांसाठी नव्हता. “दादा, बोललात ते आठवतंय ना?”

त्या रविवारी सकाळी मी माझ्याच कराराचा मसुदा छापून बाईंच्या ओटीवर गेलो. तीन वेळा वाचला होता. चौथ्यांदा पायरीवर वाचला. बाई वाल सोलत होत्या. मी कागद पुढं केला आणि घाईघाईनं म्हटलं, “बाई, तुमच्यावर अविश्वास नाही. आधारचा पत्ता बदलायचाय, म्हणून. नको असेल तर राहू द्या.”

बाईंनी हात पदराला पुसले, चष्मा लावला, आतून लाल पेन मागवलं. म्हणजे मीच आणून दिलं. मग त्या वाचायला बसल्या, पेपर तपासावा तशा. पहिलं पान. दुसरं पान. मी शाळेत उभा राहायचो तसा उभा. भाडं, लाईटबिल, किल्ली, सगळ्यावरून पेन पुढं सरकलं. शेवटच्या पानावर एक नेहमीचं कलम असतं. खोली सोडायची किंवा सोडवून घ्यायची असेल तर एक महिना आधी सांगावं. तिथं पेन थांबलं.

“हे कोणी लिहिलं?”

“हे सगळ्याच करारात असतं, बाई.”

“सगळ्यांचं मला नको सांगूस.” त्यांनी ‘एक’वर काट मारली. मी वाट बघत होतो की आता ‘आठ दिवस’ लिहितात.

त्यांनी वर लिहिलं, ‘सहा’.

“सहा महिने?” मी म्हटलं. “बाई, एवढी मुदत कुणी देत नाही. मला दुसरी खोली महिन्यात मिळेल.”

“तुझं मी म्हणत नाही,” बाई म्हणाल्या, आणि पुन्हा वाल सोलायला लागल्या. “तू सोडणार असशील तर मला सहा महिने आधी सांगायचं. मला लागतील.”